घरातला माणूस अनावर झाला आणि ११२ लावायची वेळ आली तर

तुम्ही ११२ वर जे बोलता आणि गाडीतल्या पोलिसाच्या स्क्रीनवर जे उमटतं, त्यात बरंच अंतर पडू शकतं. मध्ये दोन माणसं असतात. पहिला तुमचं बोलणं ऐकून ‘इव्हेंट’ बनवतो: प्रकार, पत्ता आणि एक-दोन ओळींचा मजकूर. दुसरा तो इव्हेंट जवळच्या गाडीला देतो. मध्य प्रदेशात हे काम भोपाळच्या राज्य नियंत्रण कक्षातून चालतं. आधी त्याला डायल १०० म्हणायचे, ऑगस्ट २०२५ पासून डायल ११२. म्हणजे इंदूरच्या सुदामा नगरातून लावलेला फोन भोपाळला जातो आणि निरोप फिरून इंदूरच्या गाडीकडे येतो. फोन उचलणाऱ्यानं तुमची गल्लीही पाहिलेली नसते आणि तुमचा मुलगाही.

नोंद ‘मारामारी’ अशी झाली तर पोलीस मारामारीच्या तयारीनं जिना चढतात. ‘मानसिक रुग्ण, अस्पताल ले जाना है’ अशी झाली तर निदान पहिली दोन मिनिटं बोलण्यात जातात, आणि अशा वेळी दोन मिनिटं पुष्कळ असतात.

मधल्या मधे वाक्य गळलं तर काय होतं, याचं सगळ्यात वाईट उदाहरण अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचं आहे. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी एका माणसानं फोन करून कळवलं, की बागेत एक जण लोकांवर पिस्तूल रोखतोय. ‘बहुतेक खोटं असेल’, ‘बहुतेक लहान मुलगा असेल’ हेही त्यानं सांगितलं होतं. ही दोन वाक्यं गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलीच नाहीत. गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. ती ज्याला लागली तो टमीर राइस १२ वर्षांचा होता आणि पिस्तूल खेळण्यातलं होतं. आपल्याकडे पोलीस इतक्या चटकन गोळी चालवत नाहीत. लाठी चालते, हात बांधले जातात, रात्र थान्यात जाते. पण वाक्य गळण्याची जागा तीच.

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य, स्मृतिभ्रंश यांपैकी काही ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रुग्णांच्या घरच्यांशी बोलताना एक गोष्ट सारखी दिसते: माणसं फोन करतात वेळेवर, पण बोलतात उलट्या क्रमानं.

१. आधीची तयारी: कागद, पत्ता, कामाची वाटणी

घरात शांतता असतानाच एक पानाचा कागद तयार करा. हिंदीत, मोठ्या अक्षरात. रुग्णाचं नाव, वय, आजाराचं नाव, चालू औषधं आणि मात्रा, डॉक्टरांचं नाव आणि फोन, कशाची ॲलर्जी, मधुमेह-फिट वगैरे असेल तर ते. त्याखाली तीन ओळी, ज्या बहुतेक जण लिहीतच नाहीत: तो कशानं बिथरतो (हात धरला की, मोठ्या आवाजानं, अमुक नातेवाईक समोर आला की), कशानं शांत होतो (पाणी, बिडी, ताईचा आवाज), आणि त्याला कोणत्या नावानं हाक मारलेली चालते. कागदावर ‘सुधीर’ असलं आणि घरात सगळे ‘बंडू’ म्हणत असले, तर बंडू लिहा. अनोळखी खाकी माणसानं ‘बंडू भैया, पानी पियोगे?’ म्हटलं की निदान मान वर होते.

एक प्रत कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, एक फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये.

पत्ता वेगळा लिहून काढा. ‘राजवाड्याच्या मागे, जोशींच्या वाड्यात’ हा पत्ता पोस्टमनला पुरतो, भोपाळच्या माणसाला नाही. घर नंबर, मजला, गल्ली, कॉलनीचं पूर्ण नाव, सेक्टर असेल तर सेक्टर, दुरून दिसणारी एक खूण आणि थान्याचं नाव. आपण कोणत्या थान्याच्या हद्दीत येतो हे वीस-वीस वर्षं एकाच घरात राहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. आजच विचारून ठेवा.

मग कामं वाटून घ्या. एक जण फोन करणार, एक जण रुग्णापाशी थांबणार, एक जण खाली गल्लीच्या तोंडाशी. घरात दोघंच असाल तर तिसरं काम विश्वासातल्या एका शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा. आख्ख्या मोहल्ल्याला नव्हे.

मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७ प्रमाणे रुग्ण स्वतः शुद्धीत, शांत असताना आपला नामित प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून नेमू शकतो. सही त्याची, त्या प्रतिनिधीची. पुढे दवाखान्यात ‘निर्णय कोण घेणार?’ यावर काका आणि मेहुणे भांडत बसत नाहीत.

*सावध:* ‘गोळी घे, नाहीतर पोलीस बोलावते’ ही धमकी कितीही कंटाळला असाल तरी देऊ नका. महिनोन्‌महिने हे ऐकलेल्या माणसाला वर्दी दिसली की तो आधीच हरलेला किंवा चवताळलेला असतो.

२. नंबर कोणता?

हत्यार हातात आहे, कुणाला मारलंय, गच्चीच्या कठड्यावर चढलाय, घरातून पळून रस्त्यावर गेलाय: ११२.

काही खाल्लं-प्यायलं आहे, रक्त जातंय, शुद्ध हरपतेय: १०८, म्हणजे रुग्णवाहिका. तो लागला नाही तर ११२ वर सांगा, थांबून राहू नका.

मरणाच्या गोष्टी करतोय पण आत्ता हाताशी काही नाही, दोन दिवस जेवला नाही, झोपला नाही, भिंतीशी बोलतोय: आधी त्याचा डॉक्टर, नाहीतर टेलिमानस, १४४१६. ही केंद्र सरकारची २४ तास चालणारी मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मात्र तिथून गाडी येईल या भरवशावर बसू नका. ते काम बोलण्याचं आहे. घरच्यांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो, आणि माझ्या मते तो करावाच, प्रकरण ११२ पर्यंत जायच्या आत.

३. फोन: काय आणि कोणत्या क्रमानं

चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, म्हणून जरा सावकाश.

फोन रुग्णाच्या कानाआड करा. ‘पुलिस’, ‘पागल’, ‘पकड़ के ले जाओ’ हे शब्द त्यानं ऐकले तर गाडी यायच्या आधीच घरात आग लागते.

बोलणं हिंदीत होणार. आपल्या आजीबाई एरवी भाजीवाल्याशी अस्खलित हिंदीत हुज्जत घालतात, पण घाबरल्या की मराठीवर येतात. म्हणून वाक्यं आधीच लिहून फोनपाशी चिकटवा. साधारण अशी:

‘पता लिखिए: मकान नंबर…, दूसरी मंज़िल, …कॉलोनी, थाना… । मेरा बेटा है, उम्र २८। मानसिक रोगी है, इलाज चल रहा है, दस दिन से दवा बंद है। अभी कमरे में सामान तोड़ रहा है। किसी को मारा नहीं है। हाथ में कोई हथियार नहीं है। शराब नहीं पी है। घर में मैं और उसकी दादी हैं, हम बाहर वाले कमरे में हैं। उसे अस्पताल ले जाने में मदद चाहिए। गाड़ी सायरन बंद करके आए।’

पत्ता पहिला, कारण फोन मध्येच कटला तरी गाडी निघू शकते. आजार दुसरा, कारण समोरचा माणूस पहिल्या काही वाक्यांतच प्रकार ठरवतो. आजार शेवटी सांगितलात तर तोवर ‘घरेलू विवाद’ असं नोंदवून झालेलं असतं. मग आत्ता डोळ्यांसमोर काय चाललंय ते. मग हत्यार. मग घरात कोण कोण. आणि शेवटी, तुम्हाला नेमकं काय हवंय.

‘आत्ता’वर जोर द्या. फोनवर इतिहास सांगणं हा आपल्या लोकांचा हमखास घोळ: दोन हजार अठरा साली नोकरी गेली, मग लग्न मोडलं, गेल्या दिवाळीत वडिलांवर हात उचलला… ऐकणारा त्यातलं ‘हात उचलला’ एवढंच टिपतो आणि गेल्या दिवाळीची मारहाण आजच्या नोंदीत जाते.

मारलं, की मारायला धावला, की नुसता ओरडतोय, हे वेगवेगळं सांगा. चाकू हातात आहे, की स्वयंपाकघरात आहे आणि तो त्या खोलीत नाही, हेही. ‘चाकू है’ एवढ्यावर थांबू नका.

समोरून प्रश्न येतील आणि ते घाईचे असतील. ‘झगड़ा हो रहा है क्या?’ याला सवयीनं ‘हाँ हाँ’ म्हणू नका. म्हणा, ‘झगड़ा नहीं, मरीज है।’ ‘शराब पी रखी है?’ याचं उत्तर खरं द्या. प्यायलेला असेल तर दोन्ही सांगा: आजारी आहे आणि प्यायलाही आहे. नुसतं ‘पी है’ नोंदलं गेलं की आजार मागे पडतो.

आता दोन चुका, एकमेकींच्या उलट. पहिली, गाडी लवकर यावी म्हणून वाढवून सांगणं: ‘मर्डर कर देगा, जल्दी आओ!’ गाडी येईलही लवकर, पण आतले पोलीस खुनाच्या प्रसंगाला येत असतात आणि त्यांना दारात दिसतो तो तुमचा थरथरणारा मुलगा. दुसरी, बदनामीच्या भीतीनं हत्यार लपवणं. सांगितलं नाहीत आणि आत गेल्यावर पोलिसाला कोयता दिसला, तर त्याच्या मनात जे होईल त्याला तुम्हीच जबाबदार. आहे ते सांगा, आहे तेवढंच सांगा.

फोन ठेवण्याआधी: ‘आपने क्या लिखा, एक बार पढ़कर सुना दीजिए।’ बहुतेकांना हे विचारायचा संकोच वाटतो. विचारा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त होते. इव्हेंट नंबर मागून कागदावर लिहा.

*तपासा:* पत्ता बरोबर वाचला? ‘मानसिक रोगी’ लिहिलंय? हत्यार आहे की नाही ते लिहिलंय? तीनही उत्तरं ‘हो’ असतील तरच फोन ठेवा.

*सावध:* एकाच प्रसंगासाठी चार जणांनी चार फोन करू नयेत. वरच्या मजल्यावरच्या वहिनी ‘चोर घुसा है’ सांगतात, समोरचे काका ‘पति-पत्नी लड़ रहे हैं’ सांगतात, आणि गाडीतल्या माणसाला कळत नाही कोणतं खरं. शेजाऱ्यांना एवढंच सांगा, की फोन झालाय.

४. गाडीतून येणारा फोन

हा टप्पा बहुतेकांच्या गावीच नसतो. गाडीतले पोलीस रस्ता विचारायला तुमच्या त्याच नंबरवर फोन करतात. तो नंबर मोकळा ठेवा. पुण्याच्या मावशीला बातमी द्यायला दुसरा मोबाइल घ्या.

फोन आला की लोक रस्ता सांगतात आणि ठेवून देतात. त्या माणसाच्या स्क्रीनवर फार तर दोन ओळी आहेत, आणि प्रत्यक्ष जिना चढणारा तोच आहे. म्हणून आधी विचारा, ‘आपके पास क्या लिखकर आया है?’ मग आजार, हत्यार आहे-नाही, घरात कोण, काय मदत हवी, हे चार मुद्दे पुन्हा सांगा, आणि रस्ता शेवटी. भोपाळमध्ये काही गळलं असेल तर ते भरून काढायची ही शेवटची संधी. रुग्ण बाई असेल तर महिला पोलीस मागा. मागितल्याशिवाय येईलच असं नाही.

परिस्थिती बदलली असेल (चाकू टाकला, झोपला, गच्चीवर गेला) तर तेही लगेच कळवा. जुन्या माहितीवर पोचलेला पोलीस वाईट.

५. गाडी येईपर्यंत

टीव्ही बंद, एकच माणूस बोलणार, बसून, खालच्या आवाजात. भ्रमावर वाद घालू नका. ‘कुणी तुझ्या जेवणात विष घालत नाहीये’ हे शंभरदा पटवून झालेलं असतं. गॅसचा रेग्युलेटर बंद करा, गच्चीची किल्ली खिशात घाला. लहान मुलांना शेजारी पाठवा. बाहेर जायची वाट तुमच्या आणि त्याच्या, दोघांच्याही मागे मोकळी राहील असं बसा.

६. पोलीस दारात आल्यावर

त्यांना दारात भेटू नका, गल्लीच्या तोंडाशी भेटा. दारात तुम्ही पोलिसांशी कुजबुजताय हे रुग्णाला दिसलं की त्याचा संशय खरा ठरतो. खाली थांबलेल्या माणसानं कागद हातात द्यायचा आणि दोन वाक्यं बोलायची: ‘मरीज है, मुजरिम नहीं। बंडू कहकर बुलाइए, हाथ मत पकड़िए।’ गाडीचे दिवे बंद करायला सांगा. आत आधी एकानंच जावं, घरच्या एका माणसासोबत.

मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या पोरांना हटवायचं काम शेजारच्या काकांचं. पोलिसांनाही सांगता येतं, आणि ते सहसा ऐकतात.

दोरी, साखळी घरच्यांनी स्वतः पुढे करू नये. रुग्णाला साखळदंडानं जखडणं २०१७ च्या कायद्यानं कोणत्याही स्वरूपात मना आहे.

७. थाना नव्हे, दवाखाना

आता सगळ्यात नाजूक जागा. पुष्कळदा घरचेच म्हणतात, ‘साहेब, एक रात्र आत ठेवा, अक्कल येईल.’ इंदुरात याला अजूनही ‘एक सौ इक्यावन लगा दो’ म्हणतात. तो प्रतिबंधात्मक अटकेचा जुना कलम क्रमांक, १५१. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० नं घेतलीय. राग कळतो. तीन रात्री न झोपलेल्या बापाचा तो राग असतो. पण आजारी माणूस औषधाविना लॉकअपमध्ये काढलेली रात्र तुम्हालाच पुढे निस्तरावी लागते, आणि कायदाही आडवा येतो.

मानसिक आरोग्य देखभाल कायद्याचं कलम १०० लक्षात ठेवा. पोलिसांशी बोलताना एवढं एक पुरतं. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असं वाटणाऱ्या माणसाला संरक्षणात घेणं हे थाना प्रभारीचं कर्तव्य आहे. त्याला लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. लॉकअप किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. ‘घर का मामला है, आपस में देख लो’ असं उत्तर आलं तर आवाज न चढवता म्हणा: ‘सर, धारा १०० में अस्पताल पहुँचाने की मदद चाहिए।’

कुठे न्यायचं? जखम, विषबाधा, बेशुद्धी असेल तर आधी एम.वाय.ची (इंदूरच्या महाराजा यशवंतराव या सरकारी रुग्णालयाची) कॅज्युअल्टी. शरीर ठीक असेल तर बाणगंगेचं सरकारी मानसिक चिकित्सालय. वाटेत घरचं माणूस सोबत असावं, कागद आणि आधार कार्ड घेऊन. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जास्तीत जास्त ७२ तासांपुरते उपचार सुरू करू शकतो. नामित प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीनं. म्हणून पहिल्या टप्प्यातला तो प्रतिनिधी नेमल्याचा कागद.

८. आत्महत्येचा प्रयत्न असेल तर

इथे घरचे खोटं बोलतात, आणि ते जिवावर बेततं. ‘चुकून औषध जास्त घेतलं’, ‘पाय घसरला’. भीती केसची. कायदा काय म्हणतो ते पाहा: आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ गृहीत धरतं आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवतं. जुन्या दंडसंहितेचं कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. सरकारी नोकराला काही करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा आहे. घरातल्या नैराश्याशी त्याचा संबंध नाही.

दवाखाना एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) करेल, पोलीस जबाब घेतील. ती रीत आहे, घाबरू नका. फोनवर काय घेतलं, किती, कधी, हे खरं सांगा आणि रिकामी स्ट्रिप किंवा बाटली पिशवीत घालून सोबत न्या. मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उद्योग करू नका. आणि त्याला एकटं सोडू नका, बाथरूमपर्यंतही.

९. रस्त्यावरचा अनोळखी माणूस

सरवटे बसस्टँडवर किंवा कॉलनीत कुणी भरकटलेला दिसला तर क्रम तोच: जागा, काय करतोय, हत्यार आहे-नाही, मदत कसली हवी. ‘बच्चा चोर लगता है’ असले अंदाज फोनवर चुकूनही बोलू नका. जमाव जमवायला तेवढं पुरतं. दिसतंय ते सांगा: ‘नंगे पैर है, अपने आप से बात कर रहा है, रास्ता भूला हुआ लगता है।’ भरकटलेल्या माणसाची बेपत्ता म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेणं हेही पोलिसांवर कलम १०० नंच टाकलंय.

१०. दुसऱ्या दिवशी

गाडी परत जाताना पोलीस इव्हेंट बंद करतात. काय लिहून बंद केला ते तिथल्या तिथे विचारा. ‘दोनों पक्षों को समझाइश दी’ असं लिहिलं असेल तर विनंती करा, की ‘मानसिक रोगी, अस्पताल पहुँचाया’ असं लिहा. आलेल्या पोलिसाचं नाव आणि थाना टिपून ठेवा.

दोन-तीन दिवसांनी घरातलं एक शांत माणूस कागदाची प्रत घेऊन थान्यात जाऊन यावं. तक्रार करायला नव्हे. बीटच्या हवालदाराला घर आणि प्रसंग माहीत असणं, एवढ्यासाठी. वागणूक वाईट मिळाली असेल तर इव्हेंट नंबर, तारीख, वेळ घालून लेखी अर्ज वरिष्ठांकडे द्या. नंबराशिवायचा अर्ज शोधायलाच त्यांना आठवडा लागतो.

आणि डॉक्टरांनी औषध बदललं असेल तर कागद नव्यानं लिहा, मोबाइलमधले जुने फोटो पुसा. कपाटावर जुनी मात्रा आणि ताईच्या फोनमध्ये नवी असली, तर रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतला ड्युटी डॉक्टर कोणती खरी धरणार?